आत शिरून पाहायचे शिल्प

वेरूळच्या सोळाव्या, कैलास लेण्यात शिरणाऱ्याला देऊळ लगेच दिसत नाही. रस्त्याच्या बाजूला डोंगराचाच भाग राखून केलेली उंच भिंत आहे आणि तिच्यात दुमजली गोपूर. दारातून थोडे आत गेले की समोर गजलक्ष्मी येते. ती कमळांनी भरलेल्या तळ्यात बसली आहे आणि वरून हत्ती तिच्यावर पाणी घालताहेत. ज्या भिंतीवर ती कोरली आहे, ती भिंत नजर अडवते. डावीकडे किंवा उजवीकडे वळण्यावाचून गत्यंतर नसते. वळले की प्रांगण एकदम उघडते आणि दगडी हत्ती, जवळजवळ पंधरा मीटर उंचीचा स्तंभ आणि मान मागे टाकली तरी न संपणारे देऊळ एकाच वेळी अंगावर येते.

साडेबाराशे वर्षांपूर्वी हा डोंगर फोडणाऱ्यांनी पाहणाऱ्याची नजर कुठे अडवायची आणि कुठे मोकळी सोडायची हेदेखील ठरवले होते.

कैलास लेण्याची वर्णने बहुधा आकड्यांपासून सुरू होतात. डोंगरात घेतलेला खड्डा सुमारे 84 मीटर लांब आणि 47 मीटर रुंद आहे, मागची कड 33 मीटर खोल जाते, देवळाचे शिखर प्रांगणापासून साधारण 29 मीटर उंच आहे आणि काढलेला दगड दोन लाख टनांच्या आसपास असावा असा अंदाज सांगितला जातो. आकडे छाती दडपणारे आहेतच. त्यांच्या भारात एक गोष्ट मात्र झाकली जाते. कैलास कोणी बांधलेला नाही. इथे दगडावर दगड ठेवलेला नाही. हे एकसंध शिल्प आहे, फक्त इतके मोठे की माणूस त्याच्या पोटात चालत जातो, जिना चढतो, सज्जात उभा राहतो आणि शिल्पाच्या आतून बाहेरचे जग पाहतो.

आधुनिक कलेत अशा कामांचे फार कौतुक होते, आणि ते रास्तच आहे. न्यूयॉर्कच्या बंदरातला स्वातंत्र्यदेवीचा पुतळा 1886 साली उभा राहिला, तेव्हा तिच्या मुकुटात 25 खिडक्या ठेवल्या होत्या. पुतळ्याच्या डोक्यात चढून समुद्र पाहायची ती सोय होती. 1966 मध्ये निकी द सेंट फाल आणि तिच्या सहकाऱ्यांनी स्टॉकहोमच्या आधुनिक कला संग्रहालयात आडवी पडलेली एक प्रचंड स्त्री-आकृती उभारली आणि लोक तिच्या आत हिंडले. प्रदर्शन संपल्यावर ती मोडून टाकण्यात आली. आत शिरता येणाऱ्या शिल्पाचा इतिहास अशा उदाहरणांपासून सांगायची पद्धत पडली आहे. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात मात्र तो इतिहास दोन हजार वर्षांहून मागे जातो.

त्याची सुरुवात कन्नड तालुक्यात, गौताळ्याच्या जंगलातल्या पितळखोऱ्यात सापडते. इथली लेणी इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या सुमाराला कोरायला घेतली गेली. खडक ठिसूळ, त्यामुळे दर्शनी भाग ढासळले आणि मूर्ती मातीदगडांखाली गाडल्या गेल्या. 1950च्या दशकात पुरातत्त्वज्ञ मधुसूदन नरहर देशपांडे यांच्या देखरेखीखाली तो ढिगारा उपसला गेला, तेव्हा चौथ्या लेण्याचा पाया उजेडात आला. ओळीने उभे असलेले हत्ती, त्यांच्या बाजूला एक दार आणि दारावर शस्त्रे घेतलेले दोन रक्षक. त्या दारातून खडकाच्या आतून जिना वर जातो. येणारा भिक्षू हत्तींच्या पायांशी आत शिरत असे, काळोखात पायऱ्या चढत असे आणि हत्तींच्या डोक्यावर असलेल्या विहारात बाहेर पडत असे. शिल्पाच्या समोरून शिल्पाच्या आत आणि तिथून शिल्पाच्या वर, असा हा प्रवास होता. डोंगरातून झिरपणारे पाणी पाटाने खाली आणून पाच फण्यांच्या नागाच्या तोंडांतून बाहेर सोडायची योजनाही इथेच सापडली. याच ढिगाऱ्यात एक ठेंगणा, हसरा यक्ष मिळाला. कण्हदास नावाच्या सोनाराने तो घडवला, असे त्याच्या हातावरचा लेख सांगतो. सध्या तो दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. या डोंगरांत राबलेल्या हजारो हातांपैकी नाव मागे उरलेले हात फार थोडे, त्यांतला हा एक.

पितळखोऱ्यानंतर सहाशे-सातशे वर्षांनी अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यात हाच विचार लिहून ठेवलेला सापडतो. वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री वराहदेव याने पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात हे लेणे दान दिले. ओसरीच्या बाहेर डाव्या हाताच्या भिंतीवर त्याचा संस्कृत लेख आहे. राजांची वंशावळ झाल्यावर लेख लेण्याच्या वर्णनाकडे वळतो आणि त्यात गवाक्ष, सज्जे, वेदिका आणि सुरकन्यांच्या मूर्ती एका दमात सांगतो. दान देणाऱ्याच्या लेखी खिडकी आणि मूर्ती एकाच मोलाच्या होत्या, असा याचा सरळ अर्थ निघतो. लेण्याची जागाही तशीच निवडलेली आहे. वाघोरा नदीने घेतलेल्या नालाच्या आकाराच्या वळणात हे लेणे मध्यावर येते. पूर्वी लेण्यांना नदीपात्रातून वर येणारे आपापले जिने होते. सगळ्या लेण्यांसमोरून जाणारी आजची सलग वाट अलीकडची. वराहदेवाच्या लेण्याला दोन्ही बाजूंना हत्ती असलेला जिना होता. नदीतून त्या जिन्याने चढून आलेला माणूस ओसरीत थांबून मागे वळला की नदीचा अख्खा वळसा त्याच्या डोळ्यांसमोर असे.

याच वळणाच्या पलीकडून 28 एप्रिल 1819 रोजी जॉन स्मिथ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याला दहाव्या लेण्याची कमान दिसली. तो शिकारीला आला होता. ही हकीकत सर्वांना पाठ आहे. त्यात दरीच्या पलीकडून लेण्याकडे पाहिले जाते. वराहदेवाने पैसे मोजले होते ते लेण्यातून दरीकडे पाहण्यासाठीही.

छत्रपती संभाजीनगर शहराच्या उत्तरेला, बीबी-का-मकबऱ्यामागच्या डोंगरात औरंगाबाद लेणी आहेत. अजिंठा-वेरूळच्या वाटेवरचे प्रवासी इथे क्वचितच वळतात, हे या लेण्यांचे दुर्दैव आहे. तिसऱ्या लेण्याच्या गाभाऱ्यात जे आहे, तसे अजिंठ्यात नाही आणि वेरूळलाही नाही. पाय सोडून बसलेल्या बुद्धासमोर दोन्ही भिंतींलगत स्त्रीपुरुषांचे दोन गट गुडघ्यांवर बसले आहेत. ते जवळजवळ खऱ्या माणसाएवढे आहेत. कोणी हात जोडलेत, कोणाच्या हातात फुले आहेत. केशरचना आणि दागिने एकेकाचे वेगळे, चेहरेही वेगळे. दोन गटांच्या मध्ये मोकळी जागा राखली आहे. येणाऱ्याने उभे राहायचे ते तिथेच, म्हणजे भक्तांच्या मेळाव्यात. क्षणभर तोही त्या शिल्पाचा भाग होतो. पाहणाऱ्यासाठी शिल्पात जागा सोडणे ही आजच्या कलादालनांतली नावाजलेली कल्पना आहे. ती या शहराच्या उंबरठ्यावर पाचव्या-सहाव्या शतकाच्या सुमाराला दगडात उतरली होती. गाभाऱ्यातून वळून परत येताना नक्षीदार खांबांमधून उजेड दिसतो, आणि लेण्यांबाहेरच्या कट्ट्यावरून मकबऱ्याचा घुमट आणि त्याच्यामागे पसरलेले शहर.

वेरूळला या विद्येने कळस गाठला. चरणांद्रीच्या डोंगराची ही कड पश्चिमेकडे तोंड करून आहे. तिच्यात सुमारे दोन किलोमीटरच्या टप्प्यात बौद्ध, हिंदू आणि जैन अशी 34 लेणी ओळीने आहेत. बौद्ध लेण्यांतले दहावे लेणे विश्वकर्मा किंवा ‘सुतार की झोपडी’ या नावाने ओळखले जाते. लाकडी छपराच्या वाशांसारख्या फासळ्या दगडात कोरलेल्या असल्याने सुतार समाजाने हे लेणे आपले मानले. सातव्या शतकातल्या या चैत्यगृहात प्रांगणातून सरळ आत गेले की स्तूपापुढचा बुद्ध वर मान करून पाहावा लागतो. खरी गंमत ओसरीच्या टोकाच्या जिन्यात आहे. तो वर सज्जात नेतो. सज्जाची एक बाजू आत उघडते. तिथून बुद्धाची नजर जवळजवळ समोरासमोर येते, छताच्या फासळ्या हाताच्या अंतरावर वाटतात, आणि खाली उभ्या असलेल्या माणसाचा साधा उच्चारही घुमत वर येतो. दुसरी बाजू बाहेर उघडते. कठड्यापलीकडे खाली प्रांगण, पुढे दार, त्याच्यापलीकडे मैदान. त्याच जागी उभे राहून फक्त पाठ फिरवायची. अशी दुहेरी जागा कोरणाऱ्याला आत पाहणे आणि बाहेर पाहणे या एकाच कामाच्या दोन बाजू वाटत होत्या, याविषयी शंका राहत नाही.

शेजारच्या ‘दोन ताल’ लेण्याचा तळमजला 1876 पर्यंत गाळात बुडालेला होता, म्हणून दोन मजल्यांचे नाव पडले आणि तिसरा सापडल्यावरही तेच राहिले. बारावे ‘तीन ताल’ समोरून अगदी साधे आहे: चौकोनी खांबांच्या तीन रांगा एकीवर एक. सगळी श्रीमंती आत, आणि त्यातली सर्वांत मोठी तिसऱ्या मजल्यावर. तिथे मागच्या भिंतीला दोन्ही बाजूंना सात-सात बुद्ध ओळीने बसले आहेत, सगळ्यांची तोंडे पश्चिमेला. लोक त्यांच्याकडे पाहतात आणि उतरून जातात. ते बुद्ध ज्या दिशेला तोंड करून बसलेत, तिकडे मात्र सहसा कोणी पाहत नाही. वळून पाहिले तर खांबांच्या चौकटींतून उतरते ऊन आणि क्षितिजापर्यंतची सपाट जमीन दिसते.

आणि मग कैलास. राष्ट्रकूट दंतिदुर्गाचा लेख शेजारच्या पंधराव्या, दशावतार लेण्यात आहे. कैलास त्याच्यानंतर गादीवर आलेल्या कृष्ण पहिल्याच्या, म्हणजे साधारण इ.स. 756 ते 773 या कारकिर्दीतला. काही अभ्यासक हे काम अनेक राजांच्या काळात पसरलेले मानतात, म. के. ढवळीकरांच्या मते मुख्य मंदिर कृष्णराजाच्याच हयातीत झाले. रीत मात्र वादातीत आहे. डोंगराच्या माथ्यावरून तीन बाजूंनी चर खणत खाली उतरायचे, मध्ये राहिलेल्या ठोकळ्याला वरून आकार देत यायचे. शिखर आधी, पाया शेवटी. मागच्या कड्यावर टाकीच्या तिरप्या घावांच्या ओळी अजून स्पष्ट दिसतात.

या रीतीची एक अट फार कठोर आहे. काढलेला दगड परत लावता येत नाही. म्हणून सज्जा कुठे हवा, त्याचा कठडा किती उंच, खिडकीतून काय दिसायला हवे, हे तिथे नुसता भरीव डोंगर असतानाच ठरवावे लागले. शिखर घडवत असलेल्या पाथरवटांच्या पायांखाली सभामंडप होता, पण तो अजून कोणी पाहिलेला नव्हता. एवढी खात्रीची कल्पनाशक्ती जगाच्या कलेतिहासात दुर्मीळ आहे.

या शिल्पातला सर्वांत धाडसी बेत दक्षिणेच्या बाजूला आहे. सभामंडपाच्या सज्जाखाली खोल कोनाड्यात रावण कैलास हलवतो आहे. त्याचे हात जवळजवळ दगडापासून सुटे कोरलेले. वर पार्वती शिवाला बिलगली आहे, एक दासी पळत सुटली आहे आणि शिव नुसत्या पायाच्या दाबाने पर्वत स्थिर करतो आहे. प्रांगणात उभा असलेला माणूस रावणाच्या पातळीवर, पर्वताच्या तळाशी असतो. मग तो जिन्याने वर चढतो, सोळा खांबांच्या मंडपात जातो, दक्षिणेच्या सज्जात येऊन कठड्यावरून खाली पाहतो. आता रावण त्याच्या पायांखाली आहे. देवळाचे नाव कैलास, आणि पाहणारा त्या पर्वतावर उभा आहे. कथेत खालून वर जायला त्याला फक्त पायऱ्या चढाव्या लागल्या. शिवपार्वतीला जिथून जग दिसते, तिथून त्याला प्रांगण दिसते. असा प्रसंग चित्रात रंगवता येत नाही, भिंतीवरच्या उठावातही मावत नाही. त्यासाठी आत शिरता येईल असेच शिल्प लागते.

मंडपातून पुढे गेले की गाभाऱ्याभोवती उघड्यावरची प्रदक्षिणा येते, कडेला पाच छोटी देवळे. खाली तिन्ही बाजूंच्या कड्यांत कोरलेल्या ओवऱ्या, वर उभा डोंगर, आणि त्यांच्या मध्ये आकाशाचा एक चौकोन. देवळातून समोरच्या कड्यांतल्या दालनांकडे जाणारे दगडी पूलही एके काळी होते, ते पडले. उत्तरेच्या कड्यातले लंकेश्वर लेणे नंतरचे मानले जाते. त्याचा मंडप देवळाच्या बाजूला उघडा ठेवलेला आहे. म्हणजे पुढच्या पिढीने कैलास पाहण्यासाठी डोंगरात एक नवे दालनच कोरले, आणि त्यात नटराजाला बसवून पाहण्याच्या जागेलाही देवाची जागा केली.

कैलासाविषयीचा सर्वांत जुना लेखी उल्लेखही पाहण्याबद्दलच आहे. राष्ट्रकूटांच्या गुजरात शाखेतल्या कर्क सुवर्णवर्षाचा इ.स. 812-13चा ताम्रपट बडोद्याला मिळाला. त्यात कृष्णराजाने एलापुरात, म्हणजे वेरूळला, उभारलेल्या देवळाचे वर्णन आहे. विमानांतून जाणारे देव ते पाहून थक्क होतात आणि हे मनुष्याचे काम नसून स्वयंभू असावे म्हणतात. आणि घडवणारा स्वतःही हे आपल्याकडून कसे झाले म्हणून चकित होतो. मराठीत हीच गोष्ट वेगळ्या वळणाने आली. ‘कथाकल्पतरू’त कृष्ण याज्ञवल्कीने सांगितलेल्या कथेत आलजापूरच्या राजाची राणी शिवमंदिराचे शिखर दिसेपर्यंत अन्न घेणार नाही असा पण करते. बाकीचे कारागीर हात टेकतात. पैठणचा कोकस नावाचा कारागीर आठवड्याभरात शिखर दाखवतो, कारण तो वरून कोरायला सुरुवात करतो. राणीचे नाव माणकावती, म्हणून देवळाचे नाव माणकेश्वर. इतिहास म्हणून ही कथा टिकत नाही. पण कळसापासून सुरुवात करण्याचे कौशल्य मराठी मुलखाने शतकानुशतके लक्षात ठेवले, याचा ती भक्कम पुरावा आहे.

पुण्याच्या एका चित्रकाराचे नाव या ठिकाणी घ्यायलाच हवे. पेशव्यांच्या दरबारातला इंग्रज रेसिडेंट चार्ल्स मॅलेट 1794 मध्ये वेरूळला गेला. शनिवारवाड्यात जेम्स वेल्सच्या हाताखाली चित्रकला शिकलेल्या गंगाराम तांबट यांनी त्याच्यासाठी वेरूळच्या लेण्यांची रेखाटने केली. वेल्सच्या चित्रांवरून टॉमस डॅनियलने 1803 साली लंडनमध्ये वेरूळचा चित्रसंच छापला आणि युरोपला कैलास दिसला. गंगारामांची अनेक चित्रे आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संग्रहात आहेत. डॅनियलचे नाव मराठी वाचकाला माहीत असते. या लेण्यांत बसून चित्रे काढणाऱ्या पुण्याच्या तांबटांचे नसते. पाठ्यपुस्तकांनी ही चूक कधीच दुरुस्त करायला हवी होती.

वेरूळचे मोल तोलायला विसाव्या शतकातले एक उदाहरण उपयोगी पडते. स्पेनचा शिल्पकार एदुआर्दो चियिदा याला कॅनरी बेटांतल्या फुएर्तेव्हेंतुरा बेटावरच्या तिंदाया डोंगराच्या पोटात सुमारे 50 मीटरची घनाकृती पोकळी कोरायची होती. माणसांनी तिच्यात शिरावे, वरच्या विवरांतून सूर्यचंद्राचा उजेड यावा आणि एका बाजूने क्षितिज दिसावे, असा तो बेत होता. डोंगरावरच्या प्राचीन खोदचित्रांच्या आणि पर्यावरणाच्या प्रश्नावरून त्याला विरोध झाला. चियिदा 2002 मध्ये वारला, आणि काम झाले नाही. यंत्रे, सुरुंग, अभियंते असलेल्या युगाला जे जमले नाही, त्याच मापाचे काम टाकी आणि हातोडा घेतलेल्या माणसांनी वेरूळला पुरे केले, शिवाय त्याला अंगभर मूर्तींनी सजवले. तिंदायाच्या डोंगराला लोकांनी वाचवले ते योग्यच केले असेल. तरीही चियिदाच्या मनात जे होते ते पाहायचे असेल तर जगात कैलासाएवढी चांगली जागा दुसरी नाही.

अलीकडे बहुतेक लोक कैलास पाहतात तो वरच्या कड्यावरून काढलेल्या छायाचित्रात. ते छायाचित्र ताम्रपटातल्या देवांच्या नजरेचे आहे, सुंदर आहे, आणि अर्धेच आहे. शाळांच्या सहली येतात, हत्तीजवळ सामूहिक फोटो काढतात, प्रांगणाला एक फेरी मारतात आणि तासाभरात पुढे घृष्णेश्वराला जातात. सज्जात कोणी थांबत नाही. एकोणतिसाव्या धुमार लेण्यापर्यंत तर फार थोडे पोचतात. ते लेणे तीन बाजूंनी उघडे आहे, आणि पावसाळ्यात त्याच्या शेजारी वेळगंगेचा धबधबा कोसळतो. खांबांमधून तो पाहणे हा त्या लेण्याच्या रचनेचाच भाग आहे.

म्हणून शिक्षकांना आणि पालकांना एक विनंती. वेरूळ मंगळवारी बंद असते. इतर कोणत्याही दिवशी दुपार कलल्यावर जावे, कारण पश्चिमेचा उजेड तेव्हाच आतपर्यंत पोचतो. माड्या उघड्या असतील तर दहाव्या लेण्याच्या सज्जात आणि बाराव्याच्या तिसऱ्या मजल्यावर मुलांना आवर्जून न्यावे. कैलासात प्रांगणाची फेरी झाल्यावर जिना चढून दक्षिणेच्या सज्जात त्यांना उभे करावे आणि रावण कुठे आहे ते विचारावे. मूर्ती पाहून झाल्या की प्रत्येक ठिकाणी त्यांना पाठ फिरवून बाहेर पाहायला सांगावे, आणि त्यासाठी सहलीच्या वेळापत्रकात निदान अर्धा दिवस राखावा.